कपाटातली बारावी बाहुली

"फुप्पी, असाल तशा निघा. तनुजा सही करून राहिली!"

फोनवर बुशराचा आवाज फाटला होता. तिच्यामागं एसटीडी बूथचा पंखा घरघरत होता आणि कुणीतरी "आवरा लवकर" म्हणून काच वाजवत होतं.

वहिदानं चहाची बशी खाली ठेवली. "सही? कशावर?"

"चोरी केली म्हणून लिहिलेल्या कागदावर. सही केली तर हॉल तिकीट, नाहीतर पोलीस. सरांनी दिवेलागणीपर्यंत वेळ दिलाय. उद्या सकाळी सीईटी आहे, फुप्पी. आणि तिनं काही घेतलेलं नाही. अल्लाकसम नाही घेतलं."

"गेलंय काय?"

 बुशरा हळूच म्हणाली, "बाहुली."

वहिदा मूळची नांदेडची, पण नोकरी सगळी मुंबईच्या कस्टम्समध्ये गेलेली. परदेशातून आलेली खोकी उघडायची, माल हातात घेऊन निरखायचा आणि ठरवायचं, की ही वस्तू म्हणजे नेमकं काय. सरकारच्या दरपुस्तकात जगातल्या प्रत्येक वस्तूला एक घर असतं. वस्तू ज्या घरची ठरेल, त्या घरचा कर तिला लागतो. लोक माल लपवतात कमी आणि त्याचं घर बदलतात जास्त, एवढं शहाणपण तिनं त्या खोक्यांतून गोळा केलं होतं. भावाची लेक बुशरा डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणार, म्हणून ती रजा काढून लातुरात नातेवाइकांकडं उतरली होती.

रिक्षा गंजगोलाईच्या गोल बाजाराला वळसा घालून औसा रोडला लागली. मे महिन्याचं ऊन डांबर वितळवत होतं. दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या, पाट्यांवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे हसरे चेहरे. भूकंपाला आठ वर्षं होत आली होती. ज्या जिल्ह्याच्या भिंती एका पहाटेत बसल्या, तिथं आता पाट्याच भिंतींएवढ्या उंच झाल्या होत्या.

वैजनाथ सरांचा क्लास तीन मजली. खाली कचेरी आणि वर्ग, वर मुलींचं वसतिगृह. तिथंच बुशरा आणि तनुजा एका खोलीत राहायच्या.

पायरीवर एक शेतकरी गडी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. दारात वाट बघत थांबलेल्या बुशरानं सांगितलं, हे रामकिशन मामा. शिरूर अनंतपाळचे. आईबाप भूकंपात गेल्यावर तनुजाला यांनीच वाढवलं.

"मॅडम, तुमी सरकारी हाव म्हने," तो उठून म्हणाला. "तिला सांगा, सही कर अन् मोकळी हो. चोर तर चोर. पेपर गेला तर पोरीचं समदं गेलं. लई रात्री जागून काढल्या तिनं."

"तिनं चोरी केलीय असं वाटतं तुम्हाला?"

रामकिशननं मान खाली घातली. "न्हाई. पर मला वाटून काय करता?"

आत शिरताच बोळात एक जाडजूड बाई मांडणीशी पुटपुटत होती. वसतिगृहाची रेक्टर शरणम्मा. निलंग्याकडची, बोलण्यात कानडीचा हेल. मांडणीवर पाणी पिण्याच्या पेल्यांशेजारी एक तपकिरी यकृत, गुलाबी आतड्यांचं वेटोळं आणि दोन मूत्रपिंडं पडली होती. सगळं प्लास्टिकचं.

"अय्यो, बघा की मॅडम! जीवशास्त्राच्या वर्गातला तो प्लास्टिकचा मानूस हाय न्हवं, त्याची आतडी कुनी भाईर टाकली. काल सकाळी दारात पडली होती. मी इथं उचलून ठेवली."

"परत बसवली का नाहीत?"

"वर्गाला कुलूप. सर म्हनाले, उद्या परीक्षा, आता कुनी आत जायचं न्हाई. खिडकीतून बघितलं तर त्याचं पोट आपलं बंद. पोटात काय न्हाई, तरी बाबा ताठ उभा!"

बुशराला अशाही वेळी हसू फुटलं. शरणम्मानं तिला डोळे वटारले.

कचेरीत गारवा होता. कूलरसमोर वैजनाथ सर बसले होते. पांढरा सफारी, कपाळाला गंध, आवाज वर्गात शिकवल्यासारखा भरदार. मागच्या भिंतीवर चौकटीत एक मानपत्र होतं, भूकंपग्रस्तांच्या सेवेबद्दल दिलेलं. शेजारी काचेचं कपाट. त्यात अकरा बाहुल्या रांगेनं उभ्या होत्या. हातभर उंच, रेशमी झग्यांच्या, खऱ्यासारखे केस, आणि डोळे असे की बघणाऱ्यानंच नजर वळवावी. पाचवीनंतर एक जागा मोकळी होती. दात पडलेल्या हिरडीसारखी.

टेबलावर लिहिलेला कागद, कागदावर पेन, आणि पेनाशेजारी एक इवलासा पिवळा बूट.

"मुलीचं भलं व्हावं म्हणूनच पोलिसांत गेलो नाही," बुशरानं मुंबईच्या कस्टम्समधली फुप्पी म्हणून ओळख करून दिल्यावर सर म्हणाले. "गुन्हा कबूल करावा, परीक्षेला जावं. भूकंपाच्या पोरांसाठी मी टिनाच्या शेडमध्ये राहिलेला माणूस आहे, मॅडम. तिची फीसुद्धा घेत नाही मी."

"बाहुली गेली कधी?"

"काल सकाळी. सौभाग्यवती देवळात गेली होती."

"कुलूप तोडलं?"

"नाही. किल्लीनं उघडलं. एक किल्ली हिच्या कमरेला असते. दुसरी हरवली होती, ती त्या पोरीला सापडली असणार."

"आणि हा बूट?"

"तिच्या पेटीत मिळाला. बाहुली बाहेर पोचवली, बूट निसटून राहिला. चोर घाईत असतो."

"किती मुलींच्या पेट्या तपासल्या?"

सरांनी उत्तर द्यायच्या आत दारातून शरणम्मा म्हणाली, "येकच. सरांनी सरळ तिचीच उघडली. कपड्याखाली हात घातला अन् बूट भाईर."

"तिची नजर सारखी कपाटावर असायची," सर तिच्याकडं न बघता म्हणाले. "मुलं ओळखता येतात आम्हाला."

वहिदानं बूट उचलला. अंगठ्याच्या पेराएवढा. तिनं तो उलटा केला. तळाला बरोबर मधोमध एक गोल भोक होतं आणि भोकाच्या कडेला वाळलेला डिंक. टाचेवर दोन्ही बाजूंना बारीक दाते उमटले होते. पकडीनं धरून ओढल्याचे.

"बाकीच्या बघू का?"

"बघा ना. पण जपून. खेळणी नव्हेत ती. शोभेच्या वस्तू आहेत. संग्रह करणारे लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात."

कपाट उघडायला तारामतीबाई आल्या. सरांच्या पत्नी. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. मूल नव्हतं. कमरेची किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं.

"माझ्या भावानं पाठवल्या अमेरिकेतून," त्या म्हणाल्या. "बारा महिन्यांच्या बारा जणी. एक गेली की संच मोडला. अकरा जणींना कुणी विचारत नाही, असं हेच म्हणत होते काल."

वहिदानं निळ्या झग्याची बाहुली उचलून उलटी केली. बुटाच्या तळातून पोलादी खुंटी आली होती आणि तळाबरोबर करवतीनं कापली होती. वरून डिंक. तिनं दुसरी उचलली. तिसरी. सगळ्यांचे तळवे तसेच. कपाटात त्या स्वतःच्या पायावर उभ्या नव्हत्याच. प्रत्येकीच्या कमरेला मागून तारेचा वेढा होता.

तिनं एका बुटाला हलकेच ओढ दिली. हलला नाही. जरा जोरानं ओढला. तरीही नाही.

"ही हरवलेली, तिच्याबद्दल तनुजा कधी काही बोलली होती?"

"हो, परवाच," तारामतीबाई म्हणाल्या. "मी पुसत होते. ती आली अन् म्हणाली, बाई, हिची डावी बाही जरा वर करून बघू का? मी म्हटलं, लेस फाटेल गं. रात्री जेवताना ह्यांना सांगितलंसुद्धा, की पोरीला बघा कसं वेड लागलंय."

"बघा!" सरांनी टेबलावर हात आपटला. "मी काय सांगत होतो?"

वहिदानं बूट होता तिथं ठेवला आणि ती जिना चढून वर गेली.

तनुजा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढ्यात पुस्तक उघडं, पण पान उलटत नव्हतं. सतरा वर्षांची पोर. हाडं मोठी आणि अंगावर मांस नाही.

"मॅडम, मी सही करते," ती वळून न बघता म्हणाली. "मामा रडून राहिला. मामा कधी रडत न्हाई."

"कर. पण आधी एक सांग. बाहीखाली काय बघायचं होतं तुला?"

तनुजानं वळून बुशराकडं पाहिलं.

"बुशरा, बाहेर जा."

"न्हाई, राहू द्या तिला," तनुजा म्हणाली. मग तिनं आपलाच डावा हात पुढं केला. मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरेवर, हिरवट निळे तीन ठिपके. एका ओळीत.

"आईनं गोंदवून घेतलं होतं. तिच्याबी हाताला अस्संच. गोंदणारी आली की आई गायची."

"काय गायची?"

तनुजानं गायलं नाही. धडा म्हणून दाखवावा तसं सपाट आवाजात म्हटलं,

"सोनं नेतील गं चोर, चांदी नेईल सावकार,
गोंदणाचा ठिपका माझा संगं येई सरणापार."

बुशरानं तोंडाला ओढणी लावली.

"ती बाहुली मला वळखीची वाटली," तनुजा म्हणाली. "पन वाटून काय? सर म्हनतील पोरगी येडी हाय. भूकंपाच्या पोरांना समदे येडीच समजतात. आता तर चोरबी झाले. चोराचं कोन ऐकतं?"

वहिदानं तिचं मनगट उजेडाकडं वळवून ते तीन ठिपके निरखले. रस्त्यावरून हातगाडीवर बर्फाचा गोळा विकणाऱ्याची घंटी वाजत गेली. कुणीतरी मोठ्यानं पाठांतर करत होतं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा.

"खाली चल," ती म्हणाली. "पेन हातात घ्यायचं नाही."

"अन् हॉल तिकीट?"

"ते मी अजून सांगू शकत नाही, बेटा." खोटी आशा लावायची सवय वहिदाला नव्हती. "पण चल."

कचेरीत सगळे जमले तेव्हा उन्हं पिवळी पडली होती. रामकिशन दाराशी उभा राहिला. सरांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"सर, दोन प्रश्न," वहिदा म्हणाली. "कागदावर लिहिलंय, 'परदेशी बनावटीची मौल्यवान शोभेची वस्तू चोरली.' बरोबर?"

"बरोबर."

"खेळणं नव्हे."

"मघाशीच सांगितलं. खेळणं असतं तर एवढा बोभाटा कशाला केला असता?"

"मग ती देशात आली तेव्हा शोभेच्या वस्तूचा कर भरला असेल."

सर हसले. "मॅडम, तुम्ही रजेवर आहात ना? मेव्हण्यानं पाठवल्या. बाहुल्या म्हणूनच सुटल्या."

"बाहुल्या म्हणजे खेळणी?"

"कस्टम्सच्या लेखी खेळणीच. लहान मुलांची."

"म्हणजे बंदरात खेळणं आणि लातुरात शोभेची वस्तू."

"शब्दांचा खेळ करू नका."

"शब्दांचा नाही. पायांचा आहे." वहिदानं निळी बाहुली टेबलावर आडवी ठेवली, तळवे सगळ्यांना दिसतील अशी. "बाहुली चौथऱ्यावर पक्की ठोकलेली असेल, नुसती बघायची असेल, तर दरपुस्तकात ती शोभेची वस्तू. मूर्तीच्या पंगतीला. तीच मोकळी असेल, हात-पाय फिरत असतील, झगा काढता-घालता येत असेल, तर ती बाहुली. खेळण्यांच्या घरची. ह्या दोन घरांच्या मधोमध येते ती खुंटी. ह्या अकराही जणींच्या पायात खुंटी आहे, आणि अकराही खुंट्या करवतीनं कापल्यात. संग्रह करणारा माणूस चौथऱ्यासकट वस्तू घेतो. चौथरा कापला तर तो हात लावणार नाही. मग कुणी कापले?"

तिनं बाहुली उभी करून सोडली. ती आडवी पडली.

"ज्याला ह्या खेळणी म्हणून आत आणायच्या होत्या, त्यानं. चौथरे मागाहून वेगळे आणायचे, ठोकायचे आणि विकायच्या. पण हा खटाटोप एकाच वेळी फायद्याचा होता, जेव्हा मुलांच्या खेळण्यांना करच नव्हता. भूकंपानंतर मदत म्हणून आलेल्या मालाला तशी सूट मिळाली होती. अट एवढीच, की माल भूकंपाच्या मुलांना वाटला हे दाखवायचं. आणि तेव्हा टिनाच्या शेडमध्ये मदत वाटणारं कोण होतं, ते ह्या भिंतीवरच टांगलंय."

तारामतीबाई नवऱ्याकडं बघत होत्या.

"ही कल्पना आहे," सर शांतपणे म्हणाले. "त्यात चोरीचा काय संबंध?"

"सांगते. तनुजा, तुला ही बाहुली कुठं भेटली होती?"

पोरीनं एकदा मामाकडं पाहिलं. मग बोलली. आवाज हळू, पण एकदाही अडखळला नाही.

"शेडमध्ये. संध्याकाळी आमा बारा पोरींना वाटल्या. म्हनाले, सकाळी फोटो काढायचाय, नीट सांभाळा. मी रात्री तिला घेऊन झोपले. आई नव्हती ना. मग मी बाभळीच्या काट्यानं अन् कंदिलाच्या काजळीनं तिच्या मनगटावर तीन ठिपके टोचले. म्हटलं, आता ही चोराच्याबी हाती लागायची न्हाई. सकाळी फोटो झाला. दुपारी झोपले होते, तर कुशीतून काढून घेतली. म्हने दुसऱ्या गावाला बी वाटायच्यात."

"कुणी काढून घेतली?"

"तवा दाढी होती. मला वळखू आलं नव्हतं." तिनं सरांकडं बोट केलं नाही. नुसतं पाहिलं.

वहिदा म्हणाली, "परवा तिनं बाही वर करायला मागितली. बाईंनी ते जेवताना सरांना सांगितलं. हरवली म्हणून सांगितलेली दुसरी किल्ली सरांकडंच असणार. त्यांनी रात्रीच कपाट उघडून बाही वर केली, आणि ठिपके दिसले. तेवढे तीन ठिपके बाहेर गेले असते तर ही सगळी इमारत हलली असती. बाहुली लपवणं पुरेसं नव्हतं. पोरीच्या शब्दाला कायमची किंमत उरू नये, म्हणून तिच्या सहीनं तिला चोर करायचं होतं. म्हणून पोलीस नकोत, नुसता कागद हवा."

"आणि बूट?" शरणम्मानं विचारलं.

"ह्या बुटांना खुंटीनं शिवलंय. निसटत नाहीत. मघाशी ओढून पाहिला, हलला नाही. पकडीनं उपसून काढावा लागतो. चोरानं घाईत पळताना थांबून पकड शोधली, बूट उपसला आणि आपल्याच पेटीत जपून ठेवला? बूट ज्यानं उपसला त्यानंच पेटीत टाकला. म्हणूनच एकच पेटी उघडली आणि हात थेट बुटावर गेला."

"पुरावा!" सर उठले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बाहुली कुठं आहे? दाखवा बाहुली! नाहीतर अब्रूनुकसानीचा दावा लावतो!"

"फेकून दिली असती तर मी हरले असते," वहिदा म्हणाली. "पण अकरा जणींना कुणी विचारत नाही, असं तुम्हीच म्हणालात. संच मोडवेना तुमच्यानं. पोरगी गेली की बारावी परत कपाटात येणार होती. घरात ठेवली तर बाईंच्या हाताला लागेल. वसतिगृहात ठेवली तर पोरींच्या. म्हणून जिथं परीक्षेपर्यंत कुणी जाणार नाही अशी जागा." ती शरणम्माकडं वळली. "आतडी कुठं आहेत?"

"मांडणीवर, मॅडम."

"आणि तो प्लास्टिकचा माणूस?"

"वर्गात. पोट ब..." शरणम्माचा हात कपाळावर गेला. "अय्यो देवा."

"मी आयुष्यभर खोकी उघडत आले. सामान बाहेर आणि झाकण बंद असलं, की आत दुसरं सामान असतं. सर, वर्गाची किल्ली."

सरांनी किल्ली दिली नाही. तारामतीबाईंनी पुढं होऊन नवऱ्याच्या सफारीच्या खिशात हात घातला. वीस वर्षांच्या संसारात तसं त्यांनी कधी केलं नसावं, कारण सर अडवायचंच विसरले.

वर्गात खडूचा वास होता. फळ्याशेजारी तो प्लास्टिकचा माणूस उभा. अर्धं अंग सोललेलं, अर्धं गोरंपान. शरणम्मानं पोटाचं झाकण ओढलं. पिवळा झगा आत घडी घालून कोंबला होता आणि त्यातून एक अनवाणी पाय बाहेर आला.

तनुजानं बाहुली घेतली. लेसची बाही वर सारली. मऊ प्लास्टिकवर तीन ठिपके, थोडे वाकडे, लहान पोरीच्या हातानं टोचलेले. तिनं शेजारी आपलं मनगट धरलं.

रामकिशन टोपी काढून दारातच खाली बसला.

"ह्या बारा जणी तेवढ्या हिच्यासाठी ठेवल्या. बाकीच्या मालाच्या पैशानं हा क्लास उभा राहिला," वैजनाथ सर म्हणाले. ते आता कुणा एकाशी बोलत नव्हते. "भूकंपानं काय ठेवलं होतं इथं? दगड. त्या दगडांतून मी डॉक्टर काढले. बाहुल्यांशी खेळून कुणाची पोर डॉक्टर झाली असती?"

"अन् ही पोरगी होऊ नये म्हून कागद लिव्हला व्हय?" रामकिशननं खालूनच विचारलं.

 तो उठला, कचेरीत जाऊन त्यानं टेबलावरचा कागद उचलला आणि फाडायला घेतला. सगळ्यांसोबत मागोमाग आलेल्या वहिदानं त्याचा हात धरला. "राहू द्या, मामा. आता तो त्यांच्याविरुद्ध बोलेल."

तारामतीबाईंनी खण उघडून हॉल तिकीट काढलं आणि तनुजासमोर धरलं.   तनुजानं तिकीट घेतलं, नाव वाचलं, फोटो बघितला, पुन्हा नाव वाचलं. मग ती कपाटाशी गेली.

"ही निळी नागम्मानं धरली होती," ती म्हणाली. "ही जांभळी सटवाजी काकाच्या लेकीची. तिनं रातभर हिला आईच्या पदरात गुंडाळलं होतं. पदर तेवढाच सापडला होता. ही हिरवी... हिच्या पोरीचं नाव आठवंना मला. ती त्या साली तापानं गेली."

तारामतीबाईंनी डोळे मिटून घेतले. पोर मात्र एकेकीवर बोट ठेवत शेवटापर्यंत गेली. मधली एकही तिनं सोडली नाही.

वहिदानं नांदेडच्या कस्टम्स कार्यालयाला फोन लावला, मग लातूरच्या पोलीस ठाण्याला. इथं तिचा स्वतःचा अधिकार चालत नव्हता. माणसं येईपर्यंत दारात खुर्ची टाकून बसणं एवढंच तिच्या हातात होतं, आणि ती बसली. वैजनाथ सर परत येऊन कूलरसमोर बसून राहिले. कूलरमधलं पाणी संपलं होतं, तरी कुणी भरलं नाही.

एकच काम उरलं होतं, आणि ते तिला करायचं नव्हतं. तनुजा बाहुली पोटाशी धरून पायरीवर बसली होती. वहिदा तिच्याशेजारी टेकली.

"बेटा, ही मला द्यावी लागेल. ह्या बाराही जणी आता पुरावा आहेत. मोहरबंद होतील, कोर्टात जातील. किती वर्षं लागतील मला माहीत नाही. परत मिळेल असंही मी सांगणार नाही."

"न्हाई म्हटलं तर?"

"तर ते उद्या कोर्टात सुटतील."

तनुजानं रस्त्याकडं पाहिलं. समोरच्या इमारतीतून पोरं वह्या छातीशी धरून बाहेर पडत होती. तिनं बाहुलीची बाही खाली ओढली, लेस सारखी केली, कपाळावरचे केस मागं सारले आणि बाहुली वहिदाच्या हातात दिली.

"त्या दिवशी झोपेत काढून घेतली होती, फुप्पी," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं तरी."

मग तिनं डोळे पुसले आणि बुशराला हाक मारली. "चल गं वर. संप्रेरकांचा धडा राहिलाय आपला."